दाढेत भरायचं फ्लोराइडवालं सिमेंट: टाइप नाइन कुणी भरून घ्यावं, कुणी नाही

थेट मतावर येते. लहान पोरांच्या किडलेल्या दाढा, वयस्कर माणसांचे हिरडीलगत किडलेले दात आणि ज्या तोंडात लाळ काही केल्या आवरत नाही अशी तोंडं, या तीन जागी टाइप नाइन सिमेंटइतकं भरवशाचं मटेरियल मी दुसरं वापरलेलं नाही. मोठ्या माणसाच्या चावायच्या दाढेत मोठं फिलिंग असेल तर मात्र मी ते सुचवत नाही. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो झिजण्यासाठी. पण "यातून फ्लोराइड सुटतं आणि जंतू मरतात" असं जे जिकडेतिकडे सांगितलं जातं ना, त्यातलं पहिलं अर्धं शंभर टक्के खरं आहे आणि दुसरं अर्धं फार ताणलेलं आहे, आणि हा रिव्ह्यू मी खरं तर त्या दुसऱ्या अर्ध्यासाठीच लिहायला घेतलाय, कारण हल्ली पेशंट आत आल्या आल्या "म्याडम ते औषधाचं सिमेंट भरा, किडा परत होत नाही म्हणे" असं म्हणतात आणि त्यांना दोन वाक्यात काय सांगायचं हे कळत नाही.

माझा दवाखाना माळशिरस तालुक्यात आहे. चारी बाजूला ऊस, घरोघरी चहा गोड, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा, आणि सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात चार-चार दाढा काळ्या. "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत की" असं म्हणत आईबाप वर्ष काढतात, पण दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि तोवर पोराने जेवायचं कशाने? तर अशा पोरांसाठी मी सगळ्यात जास्त जे वापरते ते जीसी या जपानी कंपनीचं गोल्ड लेबल ९, डीलरकडे आणि आमच्या आपापसात नुसतं टाइप नाइन. बाहेरच्या देशात हेच फुजी नाइन नावाने ओळखतात. मटेरियलचं मूळ नाव ग्लास आयोनोमर सिमेंट, जीआयसी. पेशंटच्या भाषेत "सिमेंट भरलं".

हे बनतं कशाचं तेही सांगते कारण सगळं त्यातच आहे. पावडर म्हणजे चक्क बारीक दळलेली काच, त्यात सिलिका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम आणि फ्लोराइड असं भट्टीत एकत्र वितळवलेलं असतं. लिक्विड म्हणजे पॉलिअॅक्रिलिक अॅसिड, पाणी आणि थोडं टार्टारिक अॅसिड, आपल्या चिंचेत असतं तेच. दोन्ही कालवलं की अॅसिड काचेच्या कणांना वरून खातं, त्यातून कॅल्शियम अॅल्युमिनियम बाहेर येतं आणि घट्ट जाळं तयार होतं, आणि त्याच झटापटीत फ्लोराइड सुटं होतं. ते जाळ्यात अडकून बसत नाही, म्हणून बाहेर पडू शकतं आणि ते बाहेर पडलं तरी सिमेंट ढासळत नाही. ही याची खरी करामत.

लंडनच्या गव्हर्न्मेंट केमिस्टच्या प्रयोगशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी हे शोधलं, १९६९ च्या सुमारास, आणि १९७२ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये छापून आलं. त्याआधी दातात सिलिकेट सिमेंट भरायचे, ते बिचारं तोंडात विरघळायचं, कडा तुटायच्या, पण दातांच्या डॉक्टरांना एक गोष्ट सारखी दिसायची की त्याच्या आजूबाजूला नवीन कीड फारशी लागत नाही. कारण शोधलं तर फ्लोराइड. आणि गंमत बघा, त्या काचेत फ्लोराइड घातलं जायचं ते दातांच्या भल्यासाठी नव्हतं, काच कमी तापमानाला नीट वितळावी म्हणून घातलेलं होतं! दातांचा फायदा नंतर लक्षात आला. मला ही गोष्ट फार आवडते, कॉलेजात शिकताना वाचली तेव्हापासून.

आता हातात कसं आहे ते. एक सपाट चमचा पावडर, एक थेंब लिक्विड. बाटली सरळ उभी उलटी धरायची, तिरकी धरली की थेंबात हवा शिरते आणि प्रमाण बिघडतं. पॅडवर पावडरीचे दोन भाग करायचे, पहिला भाग दहाएक सेकंद, दुसरा आत ओढून पंधरा-वीस सेकंद, अर्ध्या मिनिटात खेळ संपला पाहिजे, आणि स्पॅच्युला प्लास्टिकचाच, कारण काचेची पावडर लोखंडी स्पॅच्युल्याला घासते आणि सिमेंट करडं पडतं. गोळा चांगला झाला की तो चकाकतो, ओल्या चकाकीचा असतो, आणि ती चकाकी आहे तोवरच दातात गेला पाहिजे. कारण ती चकाकी म्हणजे अजून मोकळं असलेलं अॅसिड, तेच दाताच्या कॅल्शियमला जाऊन धरतं. चकाकी गेली, गोळा मंद दिसायला लागला की तो दातात कोंबायचा नाही, सरळ फेकायचा, कितीही महाग असला तरी, नाहीतर ते फिलिंग नुसतं खड्ड्यात बसतं, दाताला चिकटत नाही. कंपनी साधारण दोन मिनिटं देते पण ती तेवीस डिग्रीच्या खोलीतली, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस आणि लाइट गेलेली असली की तेवढा वेळ मिळत नाही, तेव्हा मी कागदी पॅड सोडून थंड केलेल्या काचेच्या तुकड्यावर कालवते आणि एकदम थोडंच कालवते.

चिकटणं हा याचा दुसरा मोठा गुण, आणि माझ्या मते फ्लोराइडपेक्षा मोठा. कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या फिलिंगला, दात एकदम कोरडा लागतो, अॅसिड लावा, धुवा, वाळवा, बाँड लावा, लाइट मारा, आणि मध्ये एक थेंब लाळ आली तर सगळं परत. रडणाऱ्या, जीभ सारखी हलवणाऱ्या पोराच्या तोंडात ते शक्य आहे का सांगा. टाइप नाइनला थोडा ओलसरपणा चालतो. दहा-पंधरा सेकंद कंडिशनर (खड्डा साफ करायचं सौम्य अॅसिड), धुवायचं, कापसाने टिपायचं, खडखडीत वाळवायचं नाही, सिमेंट भरायचं, ग्लोव्हच्या बोटाला थोडं व्हॅसलीन लावून वरून दाबून धरायचं. जास्तीचं कडेने बाहेर येतं ते काढायचं. सुरुवातीला पाणी लागलं तर वरचा थर धुऊन जातो आणि फार वाळलं तर भेगा पडतात, म्हणून वरून वार्निश किंवा व्हॅसलीनचा हात द्यायचाच. जे डॉक्टर हे करत नाहीत त्यांच्याकडची फिलिंगं लवकर खडूसारखी होतात आणि मग नाव सिमेंटचं खराब होतं.

आता फ्लोराइडकडे. नवा माठ कसा पहिले दोन-तीन दिवस नुसता पाझरतो आणि मग संथ होतो, तसंच हे. पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासात सगळ्यात जास्त फ्लोराइड बाहेर पडतं, मग झपाट्याने कमी होतं, आणि काही आठवड्यांनी अगदी थोडं थोडं, पण ते थोडं वर्षानुवर्षं चालू राहतं. आणि माठ रिकामा झाला तर भरता येतो तसं हेही परत भरतं, फ्लोराइडवाल्या पेस्टने ब्रश केलं किंवा आम्ही फ्लोराइडचं वार्निश लावलं की सिमेंट त्यातलं थोडं फ्लोराइड आत घेतं आणि नंतर सोडतं. याला आम्ही रिचार्जच म्हणतो. म्हणजे जो माणूस रात्री ब्रशच करत नाही त्याचं हे सिमेंट काही महिन्यांनी जवळजवळ साध्या फिलिंगसारखंच वागणार, हे समजून घ्या. आणखी एक चांगली गोष्ट अशी की आजूबाजूला आंबटपणा वाढला की हे जास्त फ्लोराइड सोडतं आणि तो आंबटपणा थोडा मारतंही. नेमकं हवं तेव्हा.

मग जंतूंचं काय होतं?

दात किडवणाऱ्यांमध्ये मुख्य नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, आणि कीड खोल गेली की लॅक्टोबॅसिलस. हे साखर खातात आणि लॅक्टिक अॅसिड सोडतात, दातावरच्या त्या चिकट थरात पीएच (जितका कमी तितकं आंबट) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातलं, कॅल्शियम निघायला लागतं. फ्लोराइड इथे दोन कामं करतं. एक, दातात बसतं आणि दात जास्त टणक होतो, साडेपाचऐवजी साडेचारच्या आसपास जाईपर्यंत तग धरतो, शिवाय निघून गेलेलं कॅल्शियम परत बसायला मदत होते. दोन, जंतूच्या आत शिरतं. थर आंबट असला की फ्लोराइड आणि अॅसिड मिळून हायड्रोजन फ्लोराइड होतं, ते जंतूच्या भिंतीतून आरामात आत जातं, आत गेल्यावर फुटतं, आणि तिथे एनोलेज नावाचं एंझाइम अडवतं, ज्याच्यावर साखर पचवायचं काम अवलंबून आहे. जंतू आपल्या आतलं अॅसिड बाहेर फेकायला जो पंप वापरतो त्यालाही त्रास होतो. नीट वाचा, यात जंतू मेला असं कुठेही नाही. त्याची साखर पचवायची ताकद कमी झाली, म्हणून अॅसिड कमी झालं. तेवढंही दातासाठी भरपूर आहे, पण ते "मारणं" नाही.

मागे एका कंपनीचा माणूस आला होता, कंपनीचं नाव घेत नाही, त्याने टॅबवर एक फोटो दाखवला, काचेच्या गोल ताटलीत जंतू वाढवलेले आणि मध्ये सिमेंटची टिकली, टिकलीभोवती स्वच्छ गोल, म्हणजे तिथे जंतू वाढले नाहीत. "म्याडम हे पेशंटला दाखवा, लगेच हो म्हणतात." मी त्याला विचारलं की टिकली ताजी होती का आठवडाभर जुनी. त्याला माहीत नव्हतं. फरक सगळा तिथेच आहे. ताज्या कालवलेल्या सिमेंटचा पीएच फार कमी असतो, जबरदस्त आंबट असतं ते, आणि त्यात पहिल्या दिवसाचं फ्लोराइड धो धो बाहेर पडतंय, मग जंतू वाढतील कसे. तीच टिकली पूर्ण घट्ट होऊ द्या, काही दिवस पाण्यात ठेवा आणि मग त्याच ताटलीत ठेवा, ते वर्तुळ एकदम बारीक होतं किंवा दिसतच नाही. तोंडात पण अभ्यास झालेत, नव्या सिमेंटवरच्या थरात सुरुवातीच्या काळात म्युटन्स कमी सापडल्याचं काहींमध्ये दिसलंय, पण काळ जाईल तसा फरक पुसट होतो. महिन्यांनंतर जेवढं फ्लोराइड सुटतं त्याने जंतूंची वाढ थांबावी इतकं ते नसतं. उलट सिमेंट घासून खरखरीत झालं तर त्यावर थर जास्तच साचतो, म्हणून मी पॉलिशला बोलावते तेव्हा या, टाळाटाळ नको.

संशोधक मंडळी सिमेंटमध्ये क्लोरहेक्सिडीनसारखं जंतुनाशक मिसळून बघतात. जंतू कमी होतात खरे, पण प्रमाण वाढवलं की सिमेंटच कमकुवत होतं. म्हणजे एक हातात आलं की दुसरं निसटतं.

मग खाली राहिलेल्या कीडवाल्या थराचं काय, हा प्रश्न हुशार पेशंट विचारतात. पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की सगळी कीड खरवडून काढायची, आता नसेजवळचा मऊसर थर जाणूनबुजून ठेवतात, कडा मात्र एकदम स्वच्छ करतात आणि वरून घट्ट बंद करतात. काही महिन्यांनी उघडून बघितलेल्या अभ्यासांमध्ये खालचे जंतू बरेच कमी झालेले आणि थर कोरडा-घट्ट झालेला दिसतो. यात फ्लोराइडचा हात थोडा असेल, पण मोठं काम बंद करण्याने होतं, साखर पोचत नाही, जंतू उपाशी राहतात. म्हणूनच मी वर म्हटलं की चिकटणं मोठं. जिथे कड उघडी राहिली तिथे कितीही फ्लोराइड सुटू द्या, कीड शिरणार.

शेजारच्या दाताला होणारा फायदा मात्र मला खरा वाटतो. डेन्मार्कमध्ये सरकारी दवाखान्यांत मुलांच्या दुधाच्या दाढांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झाला, त्यात चांदी भरलेल्या दाढेला टेकलेल्या दातापेक्षा या सिमेंटला टेकलेल्या दाताला कीड वाढून उपचार करायची वेळ कमी आली. फिलिंगच्या कडेला परत कीड लागण्याबद्दल मात्र जगभरचे अभ्यास एकमताचे नाहीत, काहींत फायदा, काहींत काहीच फरक नाही. म्हणून कुणी "आता परत कीड लागणार नाही, गॅरंटी" म्हणत असेल तर तिथे मान डोलावू नका.

हे सिमेंट जिथे जीव ओततं ती जागा म्हणजे जिथे मशीनच नाही. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन या डच डॉक्टरांनी वीज नसलेल्या ठिकाणी नुसत्या हाताच्या चमच्याने कीड काढून सिमेंट भरायची पद्धत सुरू केली, एआरटी म्हणतात तिला, ड्रिल नाही, बऱ्याचदा इंजेक्शनही नाही. १९९४ चा जागतिक आरोग्य दिन मौखिक आरोग्यावर होता, त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तिला पुढे आणलं, आणि टाइप नाइनसारखं दाट, जास्त ताकदीचं सिमेंट नंतर याच पद्धतीसाठी आलं. २०२१ मध्ये तर संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीतच घातलं, फ्लोराइड पेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडसोबत. मी शाळेच्या शिबिरात हेच करते. बाकावर पोरगं आडवं, डोकं माझ्या मांडीशी, हेडलाइट, चमच्यासारखं एक्स्कॅव्हेटर, कापूस आणि सिमेंट. एकाच बाजूचा खड्डा असेल तर ती फिलिंगं छान टिकतात. २०२० मध्ये कोरोनात एअरोटरचे, म्हणजे ड्रिल मशीनचे, फवारे उडवायचे नाहीत असं ठरलं तेव्हा शहरातले डॉक्टर पण परत या पद्धतीकडे वळले होते.

वयस्कर लोकांचं वेगळं. हिरड्या खाली सरकतात, मुळाचा भाग उघडा पडतो, तिथे इनॅमल नसतं, आणि कीड दाताच्या गळ्याभोवती कापल्यासारखी फिरते. बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्या की तोंड कोरडं, त्यात भर. एक आजोबा आहेत, पूर्वी कारखान्यावर होते, खालच्या पुढच्या चार दातांना हिरडीलगत अशी कीड, आणि हिरडीतून जरा रक्त-पाणी येणारच, तिथे कंपोझिट चिकटवणं अवघड. टाइप नाइन भरलं, घासतंय हळूहळू, रंगही जरा जुनाट दिसतो, पण कडेला नवीन कीड नाही आणि दात जागेवर आहेत. आजोबा फ्लोराइडची पेस्ट रात्री नेमाने लावतात हेही तितकंच महत्त्वाचं. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला आणि शेक म्हणजे रेडिएशन घेऊन आले अशा पेशंटची लाळ जवळपास आटलेली असते, त्यांच्या दातांना भयंकर वेगाने कीड लागते. जे पेशंट सांगितलेली फ्लोराइडची जेल नियमित लावत नाहीत त्यांच्यात या सिमेंटभोवती नवीन कीड इतर फिलिंगपेक्षा कमी दिसल्याचे अभ्यास आहेत. पण अशा कोरड्या तोंडात सिमेंट स्वतः लवकर झिजतं, म्हणजे दात वाचवायला ते आपली झीज सोसतं, आणि ते परत भरावं लागतं हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

जिथे चालत नाही ते पण सांगते. दोन दाढांच्या मधली भिंत गेली असेल, मोठा दाब येत असेल, रात्री दात खायची सवय असेल, तर याच्या कडा तुटतात. ठिसूळ आहे, खोटं कशाला बोलायचं. पुढच्या दातात दिसायला पण बरं नाही, पारदर्शकपणा कमी, हसल्यावर ठिपका दिसतो. लग्नाची मुलगी घेऊन आई येते आणि "ते फ्लोराइडवालंच भरा" म्हणते तेव्हा मी सरळ नको म्हणते, तिथे कंपोझिट.

याच घरातली बाकी मंडळी थोडक्यात. फुजी टू एलसी मध्ये रेझिन मिसळलेलं असतं, लाइट मारला की लगेच घट्ट, दिसायला बरंच बरं, हिरडीलगतच्या झिजलेल्या जागांना मला आवडतं. फुजी सेव्हन गुलाबी रंगाचं मिळतं, पातळ, फ्लोराइड जास्त सोडणारं, सहा वर्षांच्या पोराची कायमची दाढ अर्धीच वर आली असेल आणि खाचा खोल असतील तर त्यावर लावायला उत्तम, आणि गुलाबी असल्याने आईला पण घरी बघता येतं आहे की गेलं. शोफूचं ब्युटिफिल हे जायोमर, वागायला कंपोझिटसारखं, फ्लोराइड सोडतं आणि परत भरूनही घेतं पण सिमेंटइतकं नाही. इव्होक्लारचं सेन्शन एन आपल्याकडे गेल्या काही वर्षांत खूप चाललंय, ते पण पावडर-लिक्विड, पण जात रेझिनची, आंबटपणा वाढला की फ्लोराइड आणि कॅल्शियम सोडतं, दाब सहन करण्यात टाइप नाइनपेक्षा सरस, म्हणून मोठ्यांच्या दाढेत बजेट कमी असेल तर मी ते भरते. चांदीचं म्हणजे अॅमल्गमचं फिलिंग मजबूत असतं पण त्यात पारा, युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून ते काही अपवाद सोडून बंदच केलं, आणि फ्लोराइड त्यातून काही सुटत नाही.

एक भीती वारंवार येते, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडून आलेल्या लोकांची. त्या भागातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, दात पिवळे-तपकिरी झालेले, काहींची हाडं-सांधे दुखणारी माणसं त्यांनी बघितलेली असतात, त्यामुळे फ्लोराइड म्हटलं की दचकतात, आणि ते साहजिक आहे. पण हिशोब वेगळा आहे हो. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आपलं मानक आहे, आणि माणूस रोज कित्येक लिटर पाणी पितो, स्वयंपाकही त्यातच, वर्षानुवर्षं. फिलिंग डाळीच्या दाण्याएवढं असतं आणि त्यातून रोज सुटतं ते त्यापुढे नगण्य. त्याने फ्लोरोसिस होत नाही. जास्त फ्लोराइडच्या गावात राहणाऱ्यांनी पाण्याकडे बघावं, फिलिंगची काळजी करू नये.

भरून घेतल्यावर काय करायचं ते. पहिला एक तास काही खाऊ नका, पहिले चोवीस तास त्या बाजूने कडक काही चावू नका, कारण दोन-तीन मिनिटांत ते घट्ट झालेलं दिसतं पण आतून पक्कं व्हायला दिवस लागतो आणि पुढेही काही काळ त्याची ताकद वाढत राहते. भाकरीचा पापुद्रा चालेल, शेंगदाण्याची चिक्की नको. रात्री फ्लोराइडची पेस्ट, आपल्याकडच्या बहुतेक साध्या पेस्टमध्ये हजार पीपीएमच्या आसपास असतं, पुडक्यावर वाचा, "हर्बल" लिहिलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच आणि मग रिचार्ज कशाने होणार. मुलांना ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट, तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. आणि दवाखान्यात फ्लोराइड जेल लावत असतील तर तोंडात सिमेंट आहे हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण आंबट जातीची एपीएफ जेल या सिमेंटचा वरचा थर खाते, त्याऐवजी न्यूट्रल जेल किंवा फ्लोराइडचं वार्निश लावता येतं. ही गोष्ट डॉक्टरही कधीकधी विसरतात.

खर्चाचं म्हणाल तर आमच्याकडे साधारण कंपोझिटच्या निम्म्यात होतं, शहरात आकडे वेगळे असणार. भरायच्या आधी "कुठलं सिमेंट भरताय, टाइप टू की टाइप नाइन" हे बिनधास्त विचारा, चावायच्या जागी टाइप टू भरलं तर लवकर झिजतं, आणि "वरून वार्निश लावणार ना" हेही विचारा. सहा महिन्यांनी दाखवायला या. झिजलेलं दिसलं तर बहुतेक वेळा सगळं काढावं लागत नाही, वरचा थर खरवडून, कंडिशनर लावून त्यावरच नवीन सिमेंटचा थर देता येतो, पोराला इंजेक्शन नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.